सापडलं नाही

आमच्या कुळवृत्तांताच्या शीटमध्ये धाकट्या काकांच्या नावापुढे मृत्यूची तारीख उमटली: ००-०१-१९००. जानेवारी महिन्याची शून्य तारीख. काकांचा जन्म १९३५ सालचा.

ही गोष्ट २०१९च्या मे महिन्यातली. कुळवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम घराण्याने माझ्याकडे सोपवलं होतं, कारण कॉलेजच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं संगणकावर काम करते हे सगळ्यांना ठाऊक. शाखाशाखांकडून फॉर्म भरून आले होते. काही पोस्टाने, काही व्हॉट्सॲपवर फोटो काढून. प्रत्येक शाखेची वेगळी शीट केली, प्रत्येक माणसाला क्रमांक दिला, आणि मुख्य शीटमध्ये त्या क्रमांकावरून जन्माची, लग्नाची, मृत्यूची तारीख व्हीलूकअपने ओढून घेतली. मृत्यूचा रकाना ज्यांचा ज्यांचा रिकामा होता, त्या सगळ्यांपुढे ही शून्य तारीख येऊन बसली. माझ्या स्वतःच्या नावापुढेसुद्धा.

एक्सेल तारखा दिवसांच्या आकड्यात मोजतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून पुढे एकेक. रिकाम्या रकान्यातून काही आणायला सांगितलं की फॉर्म्युला शून्य घेऊन येतो, आणि त्या शून्याला तारखेचा पोशाख चढवला की जानेवारीची शून्य तारीख तयार होते. त्याच मोजणीत साठावा दिवस येतो २९ फेब्रुवारी १९००, आणि तो दिवसही कधी उगवलेला नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. लोटस वन-टू-थ्री या आधीच्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्यातल्या फायलींशी हिशेब जुळावा म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून ठेवली. म्हणजे तारखांच्या या माळेत दोन मणी असे आहेत जे जगाच्या माळेत नाहीत.

जिवंत माणसांपुढची शून्य तारीख काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रकान्यात काही नसेल तर रिकामं ठेव, एवढी अट फॉर्म्युल्यात घातली की झालं. फॉर्मवर ‘हयात’ आणि ‘मृत’ असे दोन चौकोन होते. माझ्या चुलतभावाने भरलेल्या फॉर्ममध्ये काकांपुढच्या दोन्ही चौकोनांत खूण नव्हती. तिथे माझा हात थांबला. रिकामं ठेवलं तर ते हयात माणसांच्या रांगेत जाणार, शून्य ठेवलं तर १९०० सालच्या जानेवारीत मरणार. काकांच्या बाबतीत आमच्या घराला जे माहीत आहे ते या दोन्हींत बसत नाही.

काका १९७१च्या पावसाळ्यात वाईहून पुण्याला गेले. हळदीचे पैसे यायचे होते ते घ्यायला. सकाळच्या एसटीत बसताना त्यांना ओळखीच्या दोघांनी पाहिलं, व्यापाऱ्याकडे ते पोचलेच नाहीत. मी सहा वर्षांची होते. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत आणि आम्ही मुलं आलो की गप्प होत, एवढं आठवतं. माझे वडील ससूनमध्ये जाऊन आले, पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटोसकट निवेदन दिलं. ‘असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलं आहे, कोणी रागावणार नाही.’ आषाढीला वडील दोन वर्षं पंढरपुरात वाळवंटात उभे राहून वारीतले चेहरे पाहत राहिले. काकू तेव्हा तीस वर्षांची होती, पदरात एक मुलगा.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंदांत विषय निघाला. आपल्याकडे परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पालाशविधी करायचा, असा शास्त्राचा रिवाज आहे. पळसाची माणसाच्या आकाराची प्रतिमा करतात, तिला अग्नी देतात, आणि तिथून पुढे त्या माणसाचं श्राद्धपक्ष सुरू होतं. वडिलांचं मत विधी करून टाकावा असंच होतं. त्यात काही वाईट हेतू नव्हता. त्यांना भावाला गती मिळायला हवी होती. तो कुठे बेवारस गेला असेल तर निदान पिंड तरी मिळावा. काकू म्हणाली, “ते गेलेत असं तुम्हाला कोणी सांगितलं का? सापडले नाहीत, एवढंच झालंय.”

शेवटी दोघं जण गुरुजींकडे गेले. मीही गेले, कारण काकूला सोबत हवी होती. मी अठरा वर्षांची, कॉलेजात पहिल्या वर्षाला.

आमच्या गावाला शास्त्रींची उणीव कधीच नव्हती. प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथूनच उभं केलं. आमचे गुरुजी त्या मानाने लहान माणूस. न्याय शिकवत, चार विद्यार्थी असत, कधी एकही नसे. त्यांनी वडिलांचं सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळ झाली होती, माजघरात दिवा लागला नव्हता. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं आणि वडिलांना विचारलं, “त्या कोपऱ्यात तांब्या आहे का हो?”

“दिसत नाही,” वडील म्हणाले.

“मी दिसतो का ते नाही विचारलं.”

वडील गप्प. गुरुजी उठले, कंदील लावला, खोलीत नेऊन ठेवला. कोपरा मोकळा होता. फरशी, भिंत, भिंतीला ओल. “आता म्हणा,” ते म्हणाले, “आता म्हणालात तांब्या नाही, तर ते ज्ञान आहे. मघाशी म्हणाला असतात तर नुसता अंदाज झाला असता.”

उत्तर दोन्ही वेळा तेच आलं असतं. तांब्या नव्हताच. तरी एका वेळी तसं म्हणणं बरोबर आणि एका वेळी नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा समजली. गुरुजींनी वडिलांना पुढे एकच विचारलं: “तुमचा कंदील कुठवर पोचला?” वडिलांनी गावं सांगितली. सातारा, पुणे, मुंबई, पंढरपूर, एकदा नाशिक. गुरुजींनी मान हलवली. “विधी करू नका असं मी म्हणत नाही. बारा वर्षांचा नियम मागे राहिलेल्यांसाठी आहे, त्यांना पुढे जाता यावं म्हणून. पण ज्या बाईला पुढे जायचं नाही तिला आपण तो लावायचा कशाला?”

विधी झाला नाही. काकूने कुंकू लावणं सोडलं नाही. त्याची किंमतही तिनेच मोजली, हे सांगितलं पाहिजे. सातबाऱ्यावर काकांचं नाव तसंच राहिलं. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला मागतात, तो आणायचा कुठून? सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं न्यायालय मानू शकतं, हे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १०८ला होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमात १११ला आहे. पण त्यासाठी कोर्टात जाऊन तसं मागावं लागतं, आणि मागायचं म्हणजे तिला तोंडाने तसं म्हणावं लागलं असतं. तिने ते म्हटलं नाही. कायद्याचेही शब्द नीट पाहिले तर तो माणूस मेला असं म्हणत नाही, जिवंत असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर टाकतो. इतका जपून शब्द वापरणाऱ्या कायद्याबद्दल मला आदर आहे. काकूला त्याचा उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळनंतर मी गुरुजींकडे वर्षभर तर्कसंग्रह शिकले. अन्नंभट्टांचं हे पुस्तक इवलंसं, न्यायशास्त्रात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी लिहिलेलं. जगात जे काही आहे ते सात पदार्थांत मावतं असं ते सांगतं: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि सातवा अभाव. ‘नसणं’ हाही जगातला एक पदार्थ. मला हे तेव्हा फार नवलाचं वाटलं. मोकळ्या फरशीवर तांब्याचा अभाव आहे, आणि तो आपल्याला फरशीइतकाच स्पष्ट कळतो. कुमारिलांचे अनुयायी म्हणतात की तो कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण मानायला हवं. नैयायिक म्हणतात वेगळं प्रमाण नको, डोळ्यांनीच कळतो. भांडण शतकानुशतकं चाललं. पण एका अटीवर दोन्हीकडची माणसं येऊन थांबतात. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू डोळ्यांना दिसण्याजोगी हवी. याला योग्यता म्हणतात. योग्यता नसेल तर न दिसण्याला काही किंमत नाही.

१९८९ला मी कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. काही वर्षांनी ऑफिसात संगणक आला, आणि हळूहळू असं झालं की कुणाच्याही टेबलावर काही अडलं की हाक मला. “ताई, बघा ना, एरर आलीय.” शिकवलं कुणी नव्हतं. संदेश वाचायचा, दोन-चार गोष्टी करून बघायच्या. माझा पिंड मात्र गुरुजींनी घडवलेला होता, म्हणून मला संदेशातले शब्द महत्त्वाचे वाटत. बाकीच्यांना लाल खूण दिसली की ‘बिघडलं’ एवढंच दिसे. मला त्यात यंत्र काय म्हणतंय आणि काय म्हणत नाही ते ऐकू येई.

ब्राउझरमधल्या आकड्यांचंच पाहा. ४०४ आला की लोक म्हणतात साइट बंद पडली. साइट बंद असती तर ४०४ कोण म्हणालं असतं? पलीकडे कुणीतरी जागं आहे, दार उघडून सांगतंय की तुम्ही म्हणता त्या पत्त्यावर मला काही सापडलं नाही. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं असेल, पान दुसरीकडे हलवलं असेल. ४०३ म्हणजे तुमचं म्हणणं कळलं, पण आत सोडणार नाही. आणि क्वचित कुठे ४१० येतो. ते म्हणतं, होतं, आता गेलं, आणि गेलं हे मला माहीत आहे. हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मला प्रध्वंसाभाव आठवला. तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार आहेत: वस्तू निर्माण होण्याआधीचा अभाव, ती नष्ट झाल्यावरचा, कधीच नसलेला, आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा. मडकं फुटल्यानंतर मडक्याचा जो अभाव, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते. ४१० म्हणणाऱ्याला मडकं फुटताना माहीत असावं लागतं. ४०४ म्हणणाऱ्याला नाही. आमच्या घरी ४०४ होता आणि भाऊबंद ४१० लिहून मागत होते, असं मी आज म्हणेन.

एक्सेलमध्येही तसंच. रेफ ही एरर येते तेव्हा फॉर्म्युला ज्या रकान्याकडे बोट दाखवत होता तो कुणीतरी पुसून टाकलेला असतो. नेम म्हणजे तुम्ही वापरलेलं नावच मला माहीत नाही. आणि नुसत्या हॅशच्या खुणांची रांग आली तर ती एररच नसते. आकडा आत शाबूत असतो, कॉलम अरुंद म्हणून मावत नाही. कॉलमची कड धरून ओढली की दिसतो. अशा हॅशच्या रांगा पाहून घाबरून आकडे पुन्हा टाइप करणारी माणसं मी पाहिली आहेत.

एकदा अकाउंट्समधल्या बाईंच्या मशीनवर सकाळपासून एकही साइट उघडेना. बँकेची नाही, सरकारी नाही, साधा ईमेलसुद्धा नाही. प्रत्येक ठिकाणी तोच इशारा: कनेक्शन सुरक्षित नाही, प्रमाणपत्र वैध नाही. त्या रडकुंडीला आल्या होत्या. आदल्या दिवशी आपण कुठे नको तिथे क्लिक केलं असणार, व्हायरस आला असणार, पगारबिलं अडकणार, अशी त्यांची समजूत. मी उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. ती संपली होती. साइटच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत लागू हे लिहिलेलं असतं. २००९ सालात उभ्या असलेल्या त्या मशीनच्या दृष्टीने ही प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नव्हती. निर्माण होण्याआधीचा अभाव, म्हणजे प्रागभाव. सगळं जग खोटं ठरत होतं आणि कारण पाहणाऱ्याच्या पोटात होतं. काविळीच्या डोळ्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे शास्त्रातलं जुनं उदाहरण मी बाईंना सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरी आणायला शिपायाला पाठवलं. बाईंनी दोनदा विचारलं, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?” नव्हतं. शास्त्रात अशा ठिकाणी दोष हाच शब्द आहे, आणि त्या दोषाला पाप चिकटलेलं नाही. कावीळ हा दोष, लांब असणं हा दोष, मिणमिणता उजेड हा दोष. आपण मराठीत चूक आणि अपराध एकाच वाटीत ठेवतो, त्यामुळे पडद्यावर लाल काही आलं की माणूस आधी स्वतःला कोर्टात उभं करतो.

अपराध निराळा असतो. तो माझ्या हातून झालेला आहे.

२०१३ साली शिष्यवृत्तीची यादी माझ्याकडे होती. एक यादी आमच्या नोंदवहीतून टाइप केलेली, दुसरी बँकेकडून आलेली खातेदारांची. दोन्ही मराठीत. नावावरून खाते क्रमांक जुळवायचा. नावावरून जुळवू नये हे मला माहीत होतं, पण बँकेच्या यादीत हजेरी क्रमांक नव्हता आणि मुदत जवळ आली होती. व्हीलूकअप लावला. जिथे नाव सापडत नाही तिथे एक्सेल ‘एन-ए’ लिहितं, म्हणजे उपलब्ध नाही. अर्ज न केलेल्या मुलांपुढे एन-एच्या खुणा येऊन यादी विद्रूप दिसत होती. वर पाठवायची यादी स्वच्छ दिसावी म्हणून मी फॉर्म्युल्याभोवती इफएरर घातला: एरर आली तर काही दाखवू नको. खुणा गेल्या. यादी देखणी झाली. मग रिकामे असलेले गाळून टाकले आणि छापली.

एक मुलगी खिडकीशी आली. “मॅडम, माझं नाव यादीत नाही.”

मी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “नाही. तू अर्ज केला नसशील.”

ती काही बोलली नाही, निघून गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती अर्जाची पोचपावती घेऊन. गावाहून आणायला गेली होती. मी खुर्चीत सावरून बसले, मूळ शीट उघडली आणि इफएरर काढला. सगळीकडे एन-ए उगवले, आणि तिच्या नावापुढेही. बँकेच्या यादीत गेले, शोधलं. नाव होतं. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली. तंतोतंत सारखी. तिच्या आडनावात तो आडवा र होता, कऱ्हाड किंवा गोऱ्हे या शब्दांत असतो तसा. मी दोन्हींची लांबी मोजायला लावली. एकाची जितकी आली त्याहून दुसऱ्याची एकाने जास्त. हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्याला एकच अक्षर. यंत्राला दोन वेगळे शब्द. तिचं नाव दोन्ही याद्यांमध्ये होतं आणि तरी यंत्राला ते सापडलं नव्हतं, आणि यंत्राने तसं प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. मला सापडलं नाही, एवढंच ते म्हणालं होतं. ते वाक्य झाकून ‘नाही’ म्हणाले ती मी.

त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. दोन दिवस शिल्लक होते, पुरवणी यादी गेली. पण तोच फॉर्म्युला मी आदल्या वर्षीही वापरला होता. ती फाइल उघडून इफएरर काढला तेव्हा एक नाव तसंच गळलेलं निघालं. त्या मुलाच्या नावातला ‘ॲ’ दोन याद्यांमध्ये दोन तऱ्हांचा होता; एकीकडे एकसंध, दुसरीकडे अ वर चंद्र दिलेला. तो खिडकीशी आलाच नव्हता. दुसऱ्या वर्षाला त्याने नाव काढलेलं होतं. का काढलं ते नोंदवहीत लिहीत नाहीत. मी प्राचार्यांना सांगितलं, पत्र पाठवलं, ते परत आलं. त्याच्या गावी गेले, कुटुंब ऊसतोडीला गेलेलं, नंतर तिथे परतलंच नाही असं शेजारी म्हणाले. त्याचं नाव माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. दर वर्षी नव्या डायरीत उतरवून घेते.

तेव्हापासून मी इफएरर वापरत नाही. वापरणाऱ्यांना मी सांगते की निदान रिकामं सोडू नका, ‘सापडलं नाही’ असे शब्द तिथे उमटू द्या. कुरूप दिसलं तर दिसू दे. गुरुजी असते तर मी त्यांना जाऊन हे सांगितलं असतं. अंधारात तांब्या दिसत नाही असं म्हणणाऱ्या माणसाचं तोंड मी बंद केलं, आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तांब्या नाही असा लावला. तर्कसंग्रह वर्षभर शिकलेल्या बाईने.

या सगळ्याचा देवाशी संबंध आहे का, असं माझा मुलगा विचारतो. तो देव मानत नाही. “इतकी वर्षं माणसं शोधतायत, कुणाला दिसला नाही, मग नाही म्हणायला काय हरकत आहे?” उदयनाचार्यांना हाच प्रश्न हजारेक वर्षांपूर्वी विचारला गेला होता. न्यायकुसुमांजलीचे पाच स्तबक आहेत, पाच गुच्छ. तिसऱ्यात ते याचं उत्तर देतात. जे डोळ्यांना दिसण्याजोगंच नाही ते दिसलं नाही म्हणून नाही असं ठरत नाही, कारण योग्यता नाही. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, या न्यायाने अदृश्य हत्तीही आहे म्हणावं लागेल. त्याचं बरोबर आहे. तिसऱ्या गुच्छाने देव सिद्ध होत नाही, ‘नाही’ म्हणणाऱ्याचा हात तेवढा धरला जातो. पाचव्या गुच्छात उदयनाचार्य ईश्वर असल्याची अनुमानं मांडतात. जग हे कार्य आहे म्हणून कर्ता हवा, वगैरे. ती माझ्या गळी पूर्ण उतरलेली नाहीत, आणि गुरुजींना मी तसं सांगितलंही होतं. ते रागावले नाहीत. मी रोज पूजा करते. समोर कोण आहे हे मला माहीत नाही. माझा कंदील कुठवर पोचला ते मला माहीत आहे, आणि तेवढ्या उजेडावर मी मुलासारखं म्हणू शकत नाही. माझ्या सासूबाई ज्या खात्रीने ‘आहे’ म्हणत त्या खात्रीनेही म्हणू शकत नाही. देवघरात उभं राहायला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

काकू २००९ साली गेली. अडुसष्ट वर्षांची होती. शेजारणी जमल्या आणि दारात कुजबूज सुरू झाली: काय नेसवायचं? सवाष्ण म्हणून हिरवं, की नाही? कुणी मला विचारलं, कुणी तिच्या सुनेला. वडील ओसरीवर बसले होते. त्यांना ऐकायला कमी येत असे, तरी हे त्यांना बरोबर ऐकू आलं. ते म्हणाले, “हिरवं नेसवा. ओटी भरा.” मग थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नव्हे, “मला कुठे माहीत आहे?” १९८३ला पळसाची पानं आणवायला निघालेला हा माणूस. काकूचा मळवट भरताना माझा हात थरथरत होता, कुंकू नाकावर सांडलं, आणि मी ते पुसलं नाही.

आता कुळवृत्तांताकडे येते. त्या शीटमध्ये काकांच्या रकान्यात मी हाताने एन-ए घातलं. एक्सेलमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शनच आहे. ‘ही माहिती उपलब्ध नाही’ असं जाणूनबुजून सांगण्यासाठी. ते इतकं चिवट असतं की त्या रकान्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक हिशेबात झिरपतं. काकांचं वय एन-ए झालं, मग आमच्या शाखेचं सरासरी आयुर्मान एन-ए झालं, मग सगळ्या घराण्याचं. संपादक मंडळातल्या एका काकांचा पुण्याहून फोन आला. “अगं, तुझ्या शीटमध्ये शेवटी सगळीकडे एरर येतेय. एका माणसामुळे सगळं अडलंय. त्यांच्यापुढे निर्वंश लिहून टाक, किंवा परागंदा, आणि साल टाक अंदाजे.”

निर्वंश लिहिता येणार नव्हतं, त्यांचा मुलगा आणि नातवंडं आहेत. अंदाजे साल मी टाकणार नव्हते. फोनवरच्या काकांना मी म्हणाले, सरासरी धाकट्या काकांना सोडून काढते, पण खाली तसं लिहायचं: आमच्या शाखेतल्या एका व्यक्तीचा हिशेब यात धरलेला नाही. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “असं लिहिलेलं मी कुठल्या कुळवृत्तांतात पाहिलं नाही.” पण लिहू दिलं.

पुस्तक २०२१ला छापून आलं. आमची शाखा मधल्या पानांत आहे. काकांच्या नावापुढे जन्मसाल आहे, मग एक आडवी रेघ, आणि रेघेनंतर हयात माणसांपुढे असते तशीच मोकळी जागा. त्याखाली बारीक टाइपात: १९७१पासून ठावठिकाणा लागलेला नाही. प्रूफात कुणीतरी ‘लागलेला’ खोडून नुसतं ‘ठावठिकाणा नाही’ केलं होतं. मी तो शब्द परत घालून घेतला.